क्ष-किरण: हाडं दिसली, पण हात गेले

आजचा भाग एका अक्षरापासून सुरू करू. क्ष. शाळेत बीजगणिताच्या तासाला ‘क्ष ची किंमत काढा’ म्हणत ज्यानं आपल्याला छळलं, तोच हा क्ष. जे माहीत नाही ते क्ष. म्हणूनच मराठीत एक्स-रे चे झाले ‘क्ष-किरण’. मूळ नावातला एक्सही तोच, अज्ञात राशीचा. ज्या माणसाला हे किरण सापडले, त्याला ते नेमके काय आहेत हे ठाऊक नव्हतं आणि त्यानं ते नावातच कबूल करून टाकलं.

नाव पुस्तकात राहिलं, बोलण्यात मात्र आपण ‘फोटो’च म्हणतो. ‘डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय.’ आपण जातो, अंगातली चेन, लॉकेट काढून ठेवतो, थंडगार पाटीला छाती टेकवून उभे राहतो. टेक्निशियन म्हणतो, ‘श्वास घ्या, धरून ठेवा,’ आणि स्वतः भिंतीआड जातो. खटक. झालं. पाच मिनिटांत बाहेर.

आता माझा प्रश्न असा, की तो भिंतीआड का जातो? त्याच्या शर्टावर तो छोटा बॅज कशासाठी असतो? कोपऱ्यात जड, शिशाचा अ‍ॅप्रन का टांगलेला असतो? आणि दारावर ‘गर्भवती स्त्रियांनी आधी सांगावे’ अशी पाटी का लावलेली असते? या प्रत्येक गोष्टीमागे कुणी ना कुणी आहे. कुणाची बोटं, कुणाचा हात, कुणाचा जीव. आज मी एक्स-रे चा इतिहास त्या खोलीतल्या वस्तूंच्या अंगानं सांगणार आहे.

तर चला जर्मनीला, वुर्झबर्ग नावाच्या गावात. ८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. विल्हेल्म कोनराड राँटगेन हे पन्नास वर्षांचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रयोगशाळेत एकटेच काम करत होते. गंमत म्हणजे, या माणसाला तरुणपणी शाळेतून काढून टाकलं होतं. एका शिक्षकाचं व्यंगचित्र कुणीतरी काढलं, आळ यांच्यावर आला. पुढं झ्युरिकला शिकून ते इंजिनियर झाले आणि मग भौतिकशास्त्राकडे वळले.

त्या काळात युरोपातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत एक खेळणं असायचं. काचेची नळी, आतली जवळपास सगळी हवा काढून टाकलेली, दोन टोकांना धातूचे तुकडे, आणि त्यातून प्रचंड दाबाची वीज सोडायची. नळी आतून चमकायची. हे चमकणं ज्यामुळं होतं त्यांना कॅथोड किरण म्हणत. ते म्हणजे इलेक्ट्रॉन, हे कळायला अजून दोन वर्षं होती.

राँटगेन यांनी नळी काळ्या जाड कागदात गुंडाळली होती. प्रकाशाचा एक कण बाहेर पडणार नाही अशी. खोलीत अंधार. वीज सुरू केली आणि थोड्या अंतरावर ठेवलेला एक पडदा हिरवट चमकायला लागला. त्या पडद्यावर बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप होता, म्हणजे अदृश्य किरण पडले की उजळणारं रसायन. वीज बंद केली, चमक गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आली.

कॅथोड किरण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात, हे तेव्हा माहीत होतं. पडदा त्याहून बराच लांब होता. म्हणजे हे काहीतरी वेगळंच. मधे पुस्तक धरलं, तरी पडदा चमकतोय. लाकूड धरलं, तरी चमकतोय. शिसं धरलं, तर सावली. आणि मग हात मधे गेला, तेव्हा पडद्यावर हाताच्या फिकट सावलीत गडद हाडं दिसली. स्वतःची, जिवंत हाताची हाडं. आपण आज फिल्म बघताना हे सहज घेतो. पण तोवर जगात कुणीही हाड बघितलं होतं ते जखमेत, शस्त्रक्रियेत नाहीतर मेल्यावर.

हाड का दिसतं, ते सोप्या भाषेत सांगतो. हे किरण मांसातून बरेचसे आरपार जातात, पण हाडात कॅल्शियम असतं, त्याचे अणू जड, ते किरण जास्त अडवतात. शिसं तर त्याहून जड, ते जवळजवळ सगळेच अडवतं. अ‍ॅप्रन शिशाचा का, याचं उत्तर असं पहिल्याच दिवसांत समोर होतं. तरी तो अंगावर चढायला बरीच वर्षं गेली.

पुढचे सहा-सात आठवडे राँटगेन प्रयोगशाळेतच असल्यासारखे होते. नंतर एका वार्ताहरानं विचारलं, तो चमकणारा पडदा बघून तुमच्या मनात काय विचार आला? त्यांनी सांगितलं, विचार नाही केला, तपासायला घेतलं. २२ डिसेंबरला त्यांनी बायकोला, अ‍ॅना बर्था यांना, बोलावलं आणि त्यांचा हात फोटोच्या काचेवर पंधराएक मिनिटं ठेवायला लावला. बोटांची हाडं आणि त्यावर सैल दिसणारी अंगठी. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. तो बघून अ‍ॅना यांना आपलाच मृत्यू पाहिल्यासारखं वाटलं, असं सांगतात.

२८ डिसेंबरला त्यांनी निबंध दिला आणि १ जानेवारी १८९६ ला त्याच्या प्रती, सोबत फोटो, ओळखीच्या शास्त्रज्ञांना पोस्टानं पाठवल्या. व्हिएन्नातल्या एका मित्राकडून बातमी वर्तमानपत्रात पोचली आणि ५ जानेवारीला छापून आली. तिथून पुढं आजच्या भाषेत सांगायचं तर ती व्हायरल झाली. १८९६ या एका वर्षात या विषयावर हजाराहून अधिक लेख निघाले.

राँटगेन यांनी पेटंट घेतलं नाही. शोध सगळ्यांचा आहे, ही त्यांची भूमिका. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं, तर त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. हा मोठेपणा आहेच. पण त्याचा एक परिणामही लक्षात घ्या. पेटंट नाही, नळ्या बाजारात मिळतात, रचना सोपी. म्हणजे ज्याच्याकडे थोडे पैसे आणि वीज, तो उद्यापासून एक्स-रे काढणार. डॉक्टर, फोटोग्राफर, इलेक्ट्रिशियन, जत्रेतला खेळवाला, सगळेच.

फायदाही तितक्याच झपाट्यानं झाला. ११ जानेवारी १८९६, म्हणजे बातमीनंतर आठवडाभरात, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जॉन हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरांनी हातात रुतलेल्या सुईचा एक्स-रे काढला. महिन्याभरात तिथंच एक्स-रे बघून शस्त्रक्रिया झाली. १८९७-९८ मध्ये ब्रिटिश फौजेनं वायव्य सरहद्दीवर, तिराहच्या मोहिमेत, एक्स-रे यंत्र नेलं आणि डोंगरात जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. सुदानमध्ये तर बॅटरी चार्ज करायला सैनिकांना दोघांच्या सायकलवर बसवून पॅडल मारायला लावलं. इकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः यंत्र जुळवून रुग्ण तपासायला डॉक्टरांना मदत केली. तोवर डॉक्टर जखमेत सळई घालून गोळी चाचपायचे. त्या वेदनेतून लोक सुटले. त्यामुळं हे सगळे वेडे होते, असं मी म्हणणार नाही. समोर माणूस तळमळतोय आणि हातात उपाय आहे, तर कोण थांबेल?

पण इशारे होते. आणि ते पहिल्याच वर्षी मिळाले होते.

१८९६ च्या वसंतात अमेरिकेत नॅशव्हिलला एका मुलाच्या डोक्यात गोळी अडकली होती. ती दिसेल का, हे आधी पाहावं म्हणून व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डडली नावाच्या प्राध्यापकांनी स्वतःचं डोकं पुढं केलं. तासभर किरण घेतले. काहीही दुखलं नाही. आणि एकवीस दिवसांनी, नळी ज्या बाजूला होती त्या बाजूचे केस गळून पडले.

इथं जरा थांबा, कारण सगळी गोम इथं आहे. विस्तवाला हात लावला की लगेच चटका बसतो, आपण हात मागं घेतो. क्ष-किरणांचा चटका बसतच नाही. तेव्हा काहीच जाणवत नाही. लाली येते ती काही दिवसांनी, फोड आठवड्यांनी, आणि कॅन्सर वर्षांनी. त्यामुळं कारण आणि परिणाम यांची गाठच लोकांना बसेना. कुणी म्हणे विजेमुळं भाजलं, कुणी म्हणे नळीजवळच्या ओझोन वायूमुळं. एलिहू थॉमसन नावाच्या इंजिनियरनं तर याच वादाचा निकाल लावायला डाव्या हाताची करंगळी मुद्दाम किरणांत धरली. रोज अर्धा तास, काही दिवस. बोट सुजलं, फोड आले, ताठ झालं. त्यानं ते लिहून सगळ्यांना सावध केलं.

१९०१ मध्ये बॉस्टनचे एक दंतवैद्य, विल्यम रॉलिन्स, यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की हे किरण जीव घेऊ शकतात, वरून काहीही भाजलेलं न दिसता. नळी शिशाच्या पेटीत ठेवा, गरज तेवढाच भाग उघडा ठेवा, असं ते सांगत राहिले. आज प्रत्येक यंत्रात हेच असतं. तेव्हा फार थोड्यांनी ऐकलं.

ऐकलं असतं तर हात वाचले असते, असं मी का म्हणतो? कारण त्या काळच्या नळ्या फार लहरी होत्या. आतल्या उरल्यासुरल्या हवेवर सगळं चालायचं आणि ती हवा वापरागणिक बदलायची. आज किरण मंद, उद्या तीव्र. मग काम सुरू करण्याआधी नळी कशी चाललीय हे तपासायचं कसं? सोपा उपाय होता, स्वतःचा हात मधे धरायचा. हाडं नीट दिसली की नळी बरोबर. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा, वर्षानुवर्षं. रुग्णाला किरण एकदा मिळायचे, चालवणाऱ्याला रोज. म्हणून आधी गेली ती त्यांची बोटं.

थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काचकाम करणारा मदतनीस होता. एडिसन यांनी एक्स-रे थेट पडद्यावर बघायचं यंत्र सुधारलं, मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून आपापल्या हाताची हाडं पाहिली. डॅली नळ्या तयार करायचा आणि त्याच आपल्या हातावर तपासायचा. आधी त्वचेवर व्रण उठले, मग कॅन्सर. एक हात कापला, मग दुसराही. १९०४ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला. एडिसन यांनी त्यानंतर क्ष-किरणांचं काम सोडलं, आपल्याला त्यांची भीती वाटते असं उघड सांगितलं.

आणि आठवतात ना ते बर्मिंगहॅमचे हॉल-एडवर्ड्स, हातातली सुई शोधणारे? १९०८ मध्ये त्यांचा डावा हात कापावा लागला, उजव्या हाताची बोटंही गेली. जर्मनीत हॅम्बुर्गला एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक स्मारक उभारलं गेलं. क्ष-किरण आणि रेडियमच्या कामात जीव गेलेल्यांची नावं त्यावर आहेत. सुरुवातीलाच दीडशेहून जास्त होती, पुढं भर पडत गेली. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, वेगवेगळ्या देशांचे.

तुम्ही म्हणाल, खुद्द राँटगेन कसे वाचले? त्यांनी प्रयोगासाठी जस्ताच्या पत्र्याची माणूस मावेल एवढी पेटी करून घेतली होती, नळीच्या बाजूला शिशाचा पत्रा. निरीक्षण चोख व्हावं हा हेतू होता, बचाव आपसूक झाला. टेक्निशियन ज्या भिंतीआड जातो ना, तिचा पहिला अवतार ही पेटी समजा.

हात वाचवणारा खरा बदल १९१३ मध्ये आला. विल्यम कूलिज या अमेरिकन शास्त्रज्ञानं नळीत टंगस्टनची तापणारी तार बसवली. तार किती तापवायची यावर किरणांचं प्रमाण ठरतं आणि विजेचा दाब किती यावर त्यांची भेदकता. दोन्ही हवं तसं बदलता येतं आणि उद्या पुन्हा तेच मिळतं. म्हणजे मधे हात धरायची गरजच संपली. आजची नळीसुद्धा याच तत्त्वावर चालते.

लगेच पुढच्या वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. मेरी क्युरी यांनी गाड्यांत एक्स-रे यंत्रं बसवली, गाडीच्याच इंजिनावर वीज तयार करायची. अशा वीसेक गाड्या, शिवाय मागच्या रुग्णालयांत दोनशेच्या आसपास एक्स-रे खोल्या. सोबत सतरा वर्षांची मुलगी इरेन. दीडशेएक स्त्रियांना त्यांनी हे काम शिकवलं. युद्धात दहा लाखांवर तपासण्या झाल्या असं मानतात. पण आडोसा पुरेसा नव्हताच. मेरी १९३४ मध्ये रक्ताच्या आजारानं गेल्या, इरेन १९५६ मध्ये ल्युकेमियानं. आयुष्यभराच्या किरणोत्साराचा त्यात वाटा होता, असं मानलं जातं.

युद्धानंतर, १९२५ मध्ये लंडनला जगभरचे रेडिऑलॉजिस्ट पहिल्यांदा एकत्र जमले. १९२८ मध्ये स्टॉकहोमला किरण मोजायचं एकक ठरलं, त्याचं नाव राँटगेन, आणि संरक्षणाचे नियम सुचवणारी आंतरराष्ट्रीय समितीही नेमली गेली. शोधापासून नियमांपर्यंत तेहतीस वर्षं. मोजमापच नसेल तर जास्त कशाला म्हणायचं आणि कमी कशाला? तो टेक्निशियनच्या शर्टावरचा बॅज याच प्रश्नाचं उत्तर आहे. महिनोन्‌महिने त्याला किती किरण लागले, ते त्यात साठतं आणि ठरावीक काळानं मोजलं जातं. आपल्याकडे हे बॅज आणि त्यामागचं तंत्र मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलं. एक्स-रे यंत्रांवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ साली स्थापन झालेलं, तेही मुंबईतच, अणुशक्तीनगरला.

किरणांशिवाय फिल्मनंही जीव घेतले. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असायची, ती भसकन पेटते. १५ मे १९२९ ला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात अशा फिल्मच्या साठ्यानं पेट घेतला, विषारी वायू इमारतभर पसरला आणि १२० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर सहज न पेटणारी फिल्म सगळीकडे आली.

आणि तरी, पटणार नाही, पण १९२० पासून पुढची तीसेक वर्षं अमेरिका-युरोपात चपलाबुटांच्या दुकानांत एक्स-रे यंत्रं होती! पोराचा पाय आत घालायचा, नवीन बूट बसतोय का ते हाडांसकट बघायचं. मुलं मजा म्हणून पुन्हापुन्हा पाय घालायची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं त्यावर बंदी आणली ती १९५७ मध्ये.

आता दारावरची पाटी. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट या डॉक्टर कॅन्सरनं गेलेल्या लहान मुलांचा अभ्यास करत होत्या. कारण सापडत नव्हतं. त्यांनी ठरवलं, आयांना विचारू. कागदावर नसेल ते आईला आठवत असेल. गेलेल्या मुलांच्या आया आणि धडधाकट मुलांच्या आया, दोघींना सारखेच प्रश्न. त्यातून निघालं की गरोदरपणात पोटाचा एक्स-रे काढला असेल तर मुलाला कॅन्सर होण्याचा धोका साधारण दुप्पट होता. १९५६ मध्ये पहिला निष्कर्ष आला, १९५८ मध्ये सविस्तर. तेव्हा गरोदर बाईचा एक्स-रे ही नेहमीची बाब होती, एवढ्याशा मात्रेनं काय होणार, असा सगळ्यांचा समज. आयांच्या आठवणींवर काय विश्वास ठेवायचा, असंही म्हटलं गेलं. हे मान्य व्हायला आणि पद्धत बदलायला जवळपास वीस वर्षं लागली. त्या पाटीतली ‘आधी सांगावे’ ही दोन साधी माणसं म्हणावीत अशी शब्दांची जोडी त्या आयांमुळं तिथं आहे.

यंत्रं मात्र पुढं जात राहिली. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. बनवणारे गॉडफ्री हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते, इंजिनियर होते, आणि ते ज्या इएमआय कंपनीत होते ती गाण्यांच्या रेकॉर्डसाठी जगाला ठाऊक होती. एकाच बाजूनं सावली बघण्याऐवजी सगळीकडून किरण सोडायचे आणि कॉम्प्युटरनं आतला काप उभा करायचा, ही त्यामागची कल्पना. १९७९ मध्ये त्यांना आणि त्यामागचं गणित मांडणाऱ्या अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं.

मग आज आपण घाबरायचं का? नाही. छातीच्या एका एक्स-रे ची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतातच. पण छातीचा सीटी स्कॅन म्हणजे पाच-सात मिलिसिव्हर्ट, साध्या एक्स-रे च्या कितीतरी पट. म्हणून डॉक्टरांनी गरज सांगितली तर बिनधास्त काढा, पण ‘एकदाचा सगळा स्कॅनच करून टाका ना’ असा हट्ट आपण धरायचा नाही. जुन्या फिल्मा आणि रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागणार नाही. पोटात बाळ असण्याची शंका जरी असेल, तरी आधी बोला. आणि सोनोग्राफी, एमआरआय यांत क्ष-किरण नसतात, ही गल्लत घरातल्या मोठ्यांचीही दूर करा.

पुढच्या वेळी टेक्निशियन भिंतीआड गेला, की त्याला घाई झालीय असं समजू नका. तिथं जायचं असतं, हे डॅलीला कुणी सांगितलं नव्हतं.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.